काकूंचा ब्लाउज मागून वर का चढत होता: बाक आलेल्या पाठीचं फिटिंग, सॉफ्टवेअरवर

इंदूरला लोकमान्य नगरात माझं घरगुती शिलाईचं काम आहे, बोर्ड वगैरे नाही, ओळखीतून ओळख. हे प्रकरण आहे एका काकूंचं. वय ६८, शाळेतून रिटायर्ड, पाठीला वरच्या भागात चांगलाच बाक आलेला आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. घरात पुतणीचं लग्न, चार माहेश्वरी साड्या घेऊन ठेवलेल्या, चारही ब्लाउज पीस साडीसोबतचेच. म्हणजे कापड मोजकं, एकदा चुकीचं कापलं की मॅचिंगसाठी शीतलामाता बाजार पालथा घालायचा आणि तरी तो रंग मिळायचा नाही.

तक्रार काय, तर ब्लाउज मागून वर चढतो आणि पाठ उघडी पडते, पुढून गळा घशाशी येतो, उजवीकडून खांदा घसरतो. काकू म्हणाल्या, "अगं कार्यक्रमात माझा एक हात सारखा मागेच असतो, ओढून ओढून थकून जाते, फोटोत पण तशीच येते." मी म्हटलं जुने ब्लाउज घेऊन या, घातलेले, न धुतलेले असले तरी चालतील. घातलेल्या कपड्यावर जेवढं लिहिलेलं असतं तेवढं माणूस स्वतः सांगत नाही.

त्या जुन्या ब्लाउजांवर एकच इलाज पुन्हा पुन्हा केलेला दिसला. बाजूच्या शिलाया उसवून सैल केलेल्या, मार्जिन संपेपर्यंत. टेलर बदलले पण इलाज तोच, कारण बाई म्हणतात "घट्ट होतं" आणि घट्ट म्हटलं की आपला हात बाजूच्या शिलाईकडेच जातो. पण इथे घट्ट होत होतं ते उभ्या दिशेने. पाठीच्या बाकावरून जायला कापडाला जास्त लांबी लागते, ती मिळाली नाही की कापड जिथून मिळेल तिथून ओढून घेतं, म्हणजे खालून, म्हणून मागचा काठ वर चढतो. मग वरून पण ओढतं, खांद्याची शिलाई मागे सरकते, तिच्यासोबत पुढचा भाग वर येतो आणि गळा घशाला लागतो. तीन तक्रारींपैकी दोन एकाच कारणाच्या. आणि बाजूने सैल केल्यामुळे मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मोठा झाला, खांदा आणखीच घसरायला लागला. लांबीचा प्रॉब्लेम रुंदीने सुटत नाही एवढंच, पण हे कळायला मागची आणि पुढची लांबी वेगवेगळी मोजलेली पाहिजे आणि नेमकी तीच कुणी मोजत नाही.

का मोजत नाही? कारण आपण सगळे छातीवरून ड्राफ्टिंग, म्हणजे कापायच्या भागांचे आकार कागदावर काढणं, शिकलो. प्रत्येक क्लासचं सूत्र थोडं इकडे तिकडे, पण ढाचा तोच: गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागाइतकी, मुंढा सहाव्या भागाइतका आणि वर एक-दीड इंच, पुढचा आणि मागचा भाग छातीच्या पाव हिश्शावर. उंची एकच, शोल्डरपासून खाली. सूत्रं वाईट नाहीत हां, सरळ पाठीच्या, मध्यम बांध्याच्या बाईला त्यातून झकास ब्लाउज निघतो आणि वेळ पण वाचतो. पण सूत्रात एक गृहीत धरलेलं शरीर बसलेलं असतं. काकूंची छाती ३८, पण त्या ३८ मधला मोठा वाटा पाठीचा आहे. सूत्राला ते कसं कळणार, ते पुढे पण साडेनऊ देतं आणि मागे पण साडेनऊ.

म्हणून इथे मी सीमली टूडी वापरलं. थोडक्यात सांगते, २०१३ च्या सुमाराला वॅलेंटिना नावाने एक प्रोजेक्ट सुरू झालं, कपड्यांचे पॅटर्न काढायचं मोफत सॉफ्टवेअर, सोर्स कोड खुला, पुढे त्यातून दोन वाटा फुटल्या, एक वॅलेंटिना म्हणूनच चालू राहिली आणि दुसरी सीमली. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं. त्यात मापांची फाइल वेगळी असते आणि ड्राफ्टची वेगळी. ड्राफ्टमध्ये आपण रेघ काढताना "इथून १७ इंच वर" असं न लिहिता "इथून मागची लांबी जेवढी तेवढं वर" असं लिहितो, आकडा तो मापांच्या फाइलमधून उचलतो. माप बदललं की सगळा ड्राफ्ट आपोआप सरकतो. ब्लाउज काढून देणारं बटण मात्र त्यात नाही, ड्राफ्ट आपल्यालाच यायला हवा. बऱ्याच जणी इथेच निराश होऊन सोडून देतात.

माप घेताना

या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं काम टेपने झालं, कॉम्प्युटर नंतर आला. पहिली अडचण म्हणजे टेप हातात घेतली की माणूस ताठ उभं राहतं. काकू तर शिक्षिका, त्या तर प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या ताठ झाल्या, बाक अर्धा गायब. तसं माप घेतलं असतं तर ब्लाउज फक्त माझ्या आरशासमोर बसला असता. म्हणून त्यांना चहा दिला, लग्नाचा विषय काढला, मुलाकडचे कोण कुठले, देवासचे की महूचे, आणि बोलता बोलता पाठ आपल्या नेहमीच्या जागेवर आली. मग बाजूने मोबाइलवर फोटो काढला, शेजारी दोरीला किल्ली बांधून ओळंबा लटकवलेला. फोटोत ओळंब्याच्या रेघेच्या पुढे मान किती आली आणि मागे पाठ किती गेली ते स्पष्ट दिसतं, आणि पुढे शंका आली की परत परत बघता येतं.

कमरेला बारीक इलॅस्टिक बांधलं, जमिनीला समांतर आहे ना ते चारी बाजूंनी बघून. मानेचा पाया कुठे संपतो आणि खांदा कुठे सुरू होतो हे या शरीरात नुसत्या नजरेला कळत नाही, त्यासाठी त्यांच्याच गळ्यातली बारीक चेन आखूड करून मानेभोवती बसवली, ती जिथे आपोआप टेकली तो मानेचा पाया. त्या चेनवर दोन्ही बाजूंना पेनाने ठिपका दिला.

आता आकडे. मानेच्या बाजूच्या ठिपक्यापासून मागून कमरेपर्यंत साडेसतरा इंच, त्याच ठिपक्यापासून पुढून छातीवरून कमरेपर्यंत १६. साधारणपणे हे उलटं असतं, पुढची लांबी मागच्यापेक्षा थोडी जास्त भरते कारण पुढे कापडाला छातीवरून जायचं असतं. इथे मागेच दीड इंच जास्त. जुन्या ब्लाउजमध्ये पुढची-मागची उंची जवळजवळ सारखी होती, म्हणजे मागून वर चढणारा तो भाग कुठून आला ते टेपवरच सापडलं. पाठीची रुंदी एका बगलेच्या घडीपासून दुसऱ्या घडीपर्यंत साडेपंधरा, पुढून तीच रुंदी पावणेतेरा, कारण खांदे पुढे आलेले.

आणि खांद्यासाठी एक तिरपं माप. कमरेच्या बरोबर मध्यावरून, पाठीवरून तिरपं खांद्याच्या टोकापर्यंत. डावीकडे सव्वासतरा, उजवीकडे पावणेसतरा. उजवा खांदा "थोडा" उतरलाय हे सगळेच सांगत होते, हा थोडा म्हणजे चार सूत (इंचाचे आठ सूत) आहे हे या मापाने सांगितलं. नुसता खांद्याचा उतार डोळ्याने धरणारे मास्टरजी आपल्याकडे आहेत आणि त्यांचा अंदाज भयंकर अचूक असतो, एमटी क्लॉथ मार्केटच्या मागे बसणाऱ्या एका बुजुर्ग मास्टरजींना मी फोटो दाखवला तर ते लगेच म्हणाले आधा इंच. पण त्यांची नजर त्यांच्याकडेच राहते, मला तिरपं माप लागतंच.

ड्राफ्ट

सव्वा, साडे, पावणे सगळं डेसिमलमध्ये टाकलं. सूत असतील तर आठाने भागायचं, तीन सूत म्हणजे ०.३७५. पहिले काही दिवस डोकं फिरतं, मग सवय होते.

नेहमी आपण अर्धा ब्लाउज काढतो आणि घडीवर कापतो. इथे डावं-उजवं वेगळं म्हणून मागचे दोन आणि पुढचे दोन असे चार भाग काढले. तेच ड्राफ्ट, तीच सूत्रं, फक्त तिरप्या मापाच्या जागी एकात डावं आणि एकात उजवं. खांद्याचं टोक कसं ठरतं ते सांगते कारण सगळी गंमत तिथे आहे. मानेच्या ठिपक्यापासून खांद्याच्या लांबीचा एक कंस, कमरेच्या मध्यापासून तिरप्या मापाचा दुसरा कंस, दोन्ही जिथे छेदतात तिथे खांद्याचं टोक. शाळेत कंपासने त्रिकोण काढायचो तेच. कागदावर हे करायचं तर सतरा इंचाचा कंपास कुठून आणायचा, दोरी आणि पेन्सिल घेऊन बसावं लागतं, सॉफ्टवेअरमध्ये दोन कंसांच्या छेदाचं टूलच आहे. खांद्याचा उतार अंदाजाने धरावाच लागत नाही, शरीर स्वतः सांगतं.

उजव्या बाजूला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. खांद्याचं टोक खाली आलं पण बगलेचा बिंदू कमरेपासून मोजून धरलेला असेल तर तो जागचा हलत नाही, मग मुंढा वरून दाबला जातो. सॉफ्टवेअर काही बोलत नाही, गोलाई सुंदरच दिसते. पण त्यात एक टेबल असतं, प्रत्येक रेघेची आणि गोलाईची लांबी दाखवणारं, ते उघडून डावा आणि उजवा मुंढा शेजारी शेजारी बघायचे. जवळजवळ एक इंचाचा फरक दिसला, अर्धा पुढे अर्धा मागे. उपाय असा की बगलेचा बिंदू कमरेपासून न मोजता खांद्याच्या टोकापासून खाली मोजायचा, मग खांदा उतरला की बगल पण तेवढीच उतरते, मुंढा दोन्हीकडे सारखा राहतो आणि फरक फक्त बाजूच्या शिलाईच्या लांबीत जातो. दोन्ही बाह्या मग एकाच मापाच्या चालतात. काही जण उतरलेल्या खांद्यात पॅड घालून बरोबरी करतात, ते दिसायला छान, पण काकूंनी साफ नाही सांगितलं, मे महिन्यातलं लग्न आणि इंदूरची ती दुपार, पॅड घालून कोण बसणार.

आता पाठीचा बाक. लांबी दिली म्हणून काम होत नाही, ती जास्तीची लांबी मध्यभागी हवी आहे आणि बाजूला नको आहे, नुसती दिली तर गळ्यापाशी कापड उभं राहतं, मागून बघणाऱ्याला आत दिसेल असं. त्याला आकार द्यायला टक्स, म्हणजे टोकाकडे निमुळती होत जाणारी शिवलेली चिमट, लागतो. खांद्यात घेता येतो किंवा मागच्या गळ्यात. मी गळ्यात दोन घेतले, मध्याच्या दोन्ही बाजूंना एक एक, प्रत्येकी तीन सूत रुंद, टोक बाकाच्या सगळ्यात उंच जागेकडे. टक्समध्ये जेवढं कापड जाणार तेवढी गळ्याची रुंदी आधी वाढवून धरायची, हे सूत्रातच लिहून टाकलं.

मागच्या गळ्याच्या खोलीवर आमची बरीच चर्चा झाली. काकूंना आधी खोल गळा हवा होता, लग्न आहे ना. पण खोल केला की गळ्याची कडा बाकाच्या उतारावर येते आणि बाक उघडा दिसतो, शिवाय टक्स मूळ मानेपासून धरलेले असतात, गळा कापला की टक्सचा वरचा रुंद भागच कापला जातो आणि उरतो तो निमुळता तुकडा, तो काय आकार देणार. शेवटी अडीच इंचावर ठरलं. पाठ झाकली जाईल आणि टक्सचं काम पण शिल्लक राहील. खोली एक व्हेरिएबल, म्हणजे हवा तेव्हा बदलता येणारा आकडा, म्हणून ठेवली होती त्यामुळे अडीच, साडेतीन, पाच असं बदलून काकूंना स्क्रीनवर दाखवता आलं. त्या चष्मा लावून बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हे तर भूमितीच करून राहिलीस तू." गणिताच्याच होत्या त्या.

पुढच्या भागाला चार टक्सचा साधा ब्लाउज. कटोरीचा, म्हणजे छातीचा भाग वेगळा कापून वाटीसारखा जोडायचा, मोह टाळला, या बांध्यात पुढची रुंदी कमी आणि छातीचा उभार खाली, कटोरीचे जोड चुकीच्या जागी ओढ दाखवतात. छातीवर एकूण दीड इंच सैल धरलं, दंडाला एक इंच. आणि बाहीच्या गोलाईचा वरचा मध्य तीन सूत पुढे सरकवला, कारण खांदे पुढे आले की हात पण पुढे लटकतात, बाही सरळ लावली तर मागून पीळ पडतो.

प्रिंट ए-फोरवर काढून चिकटवला. इथे एकच सांगते, प्रिंटच्या सेटिंगमध्ये "पानात बसवा" असलं काही चालू ठेवू नका, शंभर टक्के ठेवा आणि कोपऱ्यात दोन इंचाचा चौकोन काढून तो टेपने मोजा. चौकोन पावणेदोन निघाला तर अख्खा ब्लाउज त्याच प्रमाणात लहान.

मांजरपाटचा ब्लाउज

खऱ्या कापडाला हात लावण्याआधी मांजरपाट या साध्या सुती कापडाचा ब्लाउज शिवून बघायचा. ते आधी धुऊन, इस्त्री करून घेतलं, नुसतं कापलं तर नंतर आटतं. मोठ्या टाक्याने शिवला, हुकपट्टीऐवजी टाचण्या. काकूंना घालायला दिला आणि लगेच काही बघितलं नाही, आधी त्यांना बसायला सांगितलं, मग हात वर करून फडताळातला डबा काढायला सांगितला, मग उभं केलं.

मागचा काठ सरळ, जमिनीला समांतर. वर चढत नव्हता. खांद्याची शिलाई खांद्यावर होती. घशाशी काही नाही. पण पुढे दोन्ही बगलांजवळ एक उभी घडी पडत होती, कापड उरलेलं. पुढची रुंदी मी बरोबर मोजली होती, पण तिच्यात सैलपणा मागच्या भागाइतकाच दिला होता आणि या बाईला पुढे सैल लागतच नाही, हात पुढे आणले की पुढचं कापड आणखी गोळा होतं. मागे मात्र लागतं. म्हणून पुढचा सैलपणा कमी करून मागे दिला, एकूण दीड इंच तेवढाच. ड्राफ्टमध्ये हा दोन आकड्यांचा बदल, मुंढ्याची गोलाई आपोआप सरकली, बाहीची गोलाई मुंढ्याच्या लांबीला बांधलेली होती ती पण जुळली. हाताने हेच करायचं तर पुढचा भाग, मागचा भाग, बाही, सगळ्यांचे कागद परत काढावे लागले असते, आणि खरं सांगायचं तर एवढ्या बारीक फरकासाठी कोणी काढत नाही, "चालतंय की" म्हणून पुढे जातो.

उजव्या मागच्या गोलाईला सरकताना एक बारीकसं टोक आलं, ते हाताने ओढून गोल केलं. मशीनने काढलेली प्रत्येक गोलाई डोळ्याने तपासायची, यात सूट नाही.

कापड

माहेश्वरीत साधारण रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा असतो, हलकं आणि पातळ, त्यामुळे अस्तर हवंच, आणि अस्तराचं सुती कापड पण आधी पाण्यातून काढलेलं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटून वरचं कापड फुगतं आणि सगळं फिटिंग पाण्यात. मागचे दोन भाग वेगळे असल्याने मध्ये जोड आला, तो मी टाळला नाही, उलट त्याला किंचित बाकाचा आकार दिला, साध्या कापडात दिसत पण नाही. बाहीला साडीचा काठ लावायचा तर बाहीची खालची कडा सरळ हवी, ती आधीपासून सरळच ठेवली होती. लेआउट स्क्रीनवर ब्लाउज पीसच्या पन्ह्यात लावून बघितला, चार भाग आणि दोन बाह्या कशा बसतात ते. गळ्याच्या उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्ट्यांना जागा उरली नाही, त्या दुसऱ्या रंगाच्या घेतल्या आणि ती पायपिंगच शोभून दिसली.

पहिला ब्लाउज पक्का झाल्यावर बाकी तिघांना मांजरपाट लागलं नाही, फक्त पुढचा गळा आणि बाहीची लांबी बदलली. लग्नाच्या फोटोंत काकूंचे दोन्ही हात पुढे आहेत.

मग दिवाळीच्या आधी त्या परत आल्या, आणखी एक ब्लाउज, माप तर आहेच ना तुझ्याकडे म्हणाल्या. आहे, पण मी पाठीची आणि पुढची लांबी आणि दोन्ही तिरपी मापं परत घेतली. पाठीचा बाक वयासोबत वाढत जाऊ शकतो, आणि मागची लांबी दोन सूत वाढलेली निघाली, पुढची एक सूत कमी. छाती, दंड, कंबर तेच. चार आकडे बदलून फाइल नव्या तारखेने सेव्ह केली, जुनी तशीच ठेवली. बाक वाढला की बाकाची उंच जागा पण जराशी खाली येते, त्यामुळे गळ्यातल्या टक्सची लांबी तेवढी हाताने वाढवावी लागली, ती कुठल्याच मापाला बांधलेली नव्हती. आता मानेच्या मणक्यापासून बाकाच्या उंच जागेपर्यंतचं अंतर हे एक वेगळं माप म्हणून काकूंच्या फाइलमध्ये टाकलंय आणि टक्स त्याला जोडलाय.